समजा

खैरगाव, ता. केळापूर
७ जानेवारी १९६२

चि. नागोराव यास मामाचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझे पाकीट मिळाले. आत वर्तमानपत्राचे कात्रण पाहून आधी घाबरलो. वाटले, कोणी गेल्याची बातमी आहे. मग खाली तुझे नाव दिसले. साप्ताहिकवाल्यांनी तुला 'सर्वांसाठी गणित' लिहायला सांगितले, हे पाहायला तुझी आई हवी होती. माझी बहीण जन्मभर अंगठा उठवत गेली आणि तिचा मुलगा कॉलेजात गणित शिकवतो.

पण माझ्यावर हा भार कशाला टाकलास? तू लिहितोस की मामा, तुम्ही चौथी शिकलेले, कापसाच्या जिनात चौकीदारी केलेले, तुम्हाला समजले तर कोणालाही समजेल. आणि मला नाही समजले तर? मग साऱ्या वऱ्हाडाला समजणार नाही आणि दोष माझा. रोज ते कात्रण घेऊन ओट्यावर बसतो. तुझी मामी म्हणते, डोळे जातील.

तर ऐक. तू लिहिलेस की हे नवे गणित वस्तूंकडे पाहत नाही, वस्तूंमधल्या नात्याकडे पाहते. हे मला पटले. आपणही माणूस भेटला की आधी तो कोणाचा कोण हेच विचारतो. पुढे तू नात्याचे तीन नियम दिलेस. पहिल्यातच मी अडकलो. 'प्रत्येकाचे स्वतःशी ते नाते हवे.' म्हणजे मी माझाच भाऊ? माझ्या घरी मीच पाहुणा म्हणून जायचे काय? तू हसशील. पण मला यावरून झोप लागली नाही.

घरची बातमी चांगली आहे, म्हणून भीती वाटते. माझ्या नातीचे, गोविंदाच्या नलूचे जमले. मुलगा दौलत, वणीकडे कोळशाच्या खाणीत हजेरी लिहितो. त्याचे वडील पंजाबराव आणि आई रुखमाबाई साधी माणसे आहेत. स्थळ आपल्या गावच्या सदाशिवरावांनी आणले. लग्न वैशाखी पौर्णिमेला. दौलत पाहायला आला तेव्हा नलूने त्याला पाणी दिले आणि तांब्या परत घ्यायचाच विसरली. तो बिचारा तो तांब्या हातात घेऊन पाटणबोरीच्या मोटारीपर्यंत गेला. मग धावत परत आणून दिला. नलू अजून तो तांब्या कोणाला घासू देत नाही. मला हे सारे दिसते, पण मी दिसत नसल्यासारखे करतो.

तुझा
उकंडामामा


नागपूर
१६ जानेवारी १९६२

ती. मामांस सविनय जयभीम.

तुम्ही जिथे अडकलात तिथेच माझे विद्यार्थीही अडकतात. फरक एवढाच की ते कबूल करत नाहीत. 'भाऊ' ऐवजी 'एका आईबापाची लेकरे' म्हणून पाहा. तुम्ही आणि तुम्ही एकाच आईबापाचे ना? झाला पहिला नियम. दुसरा, मी तुमचा तर तुम्ही माझे. तिसरा, मी तुमचा आणि तुम्ही तिसऱ्याचे, तर मीही त्या तिसऱ्याचा. हे तीन जमले की साऱ्या गावाचे आपोआप ढीग पडतात. एका ढिगातले सगळे एकमेकांचे, दुसऱ्या ढिगाशी संबंध नाही. जिनात तुम्ही कापसाचे ढीग वेगळे पडलेले पाहत होता, तसे आम्ही संख्यांचे आणि आकारांचे पाडतो. एवढेच आमचे मोठे गणित.

संपादक म्हणतात, चिन्ह दिसले की वाचक पान उलटतो. म्हणून पुढच्या लेखात एकही चिन्ह ठेवले नाही. सगळे भावाभावांवर समजावले. अंक सोबत पाठवतो. एक काम करा. हा लेख विहारात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा आणि लोक कुठे हसले, कुठे जांभई दिली ते मला कळवा. मला दुसरा परीक्षक नको.

नलूची बातमी वाचून फार आनंद झाला. पौर्णिमेला येतोच.

आपला
नागोराव


खैरगाव
११ फेब्रुवारी १९६२

चि. नागोराव यास आशीर्वाद.

लेख वाचला. जांभई कोणीच दिली नाही. दिली असती तर बरे झाले असते.

विहाराच्या मांडवात पुष्कळ लोक होते. 'भावाचा भाऊ तो भाऊच' हे तुझे वाक्य आले तेव्हा सगळ्यांनी मान हलवली. म्हातारी माणसे म्हणाली, हे तर आम्हालाही येते, मग आम्ही काय गणिती आहोत काय. मला अभिमान वाटला. मी तेवढ्यात थांबायला हवे होते.

सदाशिवराव उठले. तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे, आनंद झाला की सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहत नाहीत. तू लहानपणीच शिकायला गेलास, म्हणून आधी इकडची रीत सांगतो. छप्पन साली आपण नागपूरला दीक्षेला गेलो, त्या दिवशी घरचे सोडून ज्या दोघांनी एका फडक्यातली भाकर खाल्ली, ते आमच्याकडे दीक्षाभाऊ. मयतीला भावासारखे येतात, लेकरे त्यांना काका म्हणतात, आणि दीक्षाभावांच्या लेकरांची आपसात सोयरीक करायची नाही, हेही तेव्हाच ठरले. सदाशिवराव त्या दिवशी सकाळी आपल्या गोविंदाच्या फडक्यातली भाकर जेवले. आणि संध्याकाळी पुन्हा भूक लागली म्हणून पंजाबराव आणि रुखमाबाईंच्या फडक्यातली. म्हणून गोविंदा त्यांचा भाऊ, पंजाबराव त्यांचा भाऊ, रुखमाबाई त्यांची बहीण. गोविंदा आणि पंजाबराव यांनी एकमेकांना तेव्हा पाहिलेसुद्धा नव्हते.

सदाशिवराव म्हणाले, "आता मास्तरच्या हिशोबानं गोविंदा न् पंजाबराव सख्खे भाऊ झाले. दोन्हीकडचा मी."

लोक हसले. मग मागून कोणीतरी म्हणाले, "मंग नलू न् दौलत कोण झाले?"

त्यानंतर कोणीच हसले नाही. सदाशिवराव उभेच राहिले, त्यांना बसता येईना. माणूस एक वेळ उपाशी राहिला असता तर काय बिघडले असते?

मी अंक घडी करून खिशात घातला. पण आता गावात तोच विषय आहे. पंजाबरावांच्या कानावर गेलेच असेल. बाबा, लवकर लिही. तो तिसरा नियम पक्का आहे की त्यात काही सवलत आहे?  नलू आज पाण्याला गेली ती रिकामी घागर घेऊन परत आली.

तुझा
मामा


नागपूर
१६ फेब्रुवारी १९६२

ती. मामांस सविनय जयभीम.

घाबरू नका. चूक तुमची नाही, थोडी माझी आहे. मी 'एका आईबापाचे भाऊ' असे लिहिले होते. जागा नाही म्हणून संपादकांनी 'एका आईबापाचे' तेवढे काढले.

तिसरा नियम सगळ्या नात्यांना लागू नसतो. तेच तर गणिताला तपासायचे असते. शेजाऱ्याचे पाहा. तुमचा शेजारी, त्याचा पलीकडचा शेजारी, तो काही तुमचा शेजारी नव्हे. दीक्षाभावाचे नाते तसेच आहे. ते एका घरावर थांबते.

पटत नसेल तर सिद्ध करून देतो. आमच्याकडे एक युक्ती आहे. खोटी गोष्ट क्षणभर खरी धरायची आणि तिला चालू द्यायचे. ती आपल्याच पायाने जाऊन खड्ड्यात पडते. खालचा मजकूर सगळ्यांना जसाच्या तसा वाचून दाखवा.

'समजा, की दीक्षाभावाचे नाते पुढे सरकते. रुखमाबाई ह्या सदाशिवरावांच्या बहीण. सदाशिवराव हे पंजाबरावांचे भाऊ. म्हणून रुखमाबाई व पंजाबराव हे बहीणभाऊ ठरतात. हे अशक्य आहे. म्हणून आपले समजणे चुकीचे होते, आणि नाते पुढे सरकत नाही.'

इतके स्वच्छ आहे. यावर कोणाला काही बोलता येणार नाही. नलूला सांगा, काका आहे.

आपला
नागोराव


खैरगाव
४ मार्च १९६२

चि. नागोराव यास आशीर्वाद.

घाईत लिहितो आहे, अक्षर लावून घे.

तुझे पत्र घेऊन मी मांडवात गेलो तेव्हा पंजाबराव आणि रुखमाबाई स्वतः आलेले होते. या गोष्टीचा निकाल करू, असा सदाशिवरावांनी निरोप धाडला होता. मला वाटले, बरेच झाले, त्यांच्यासमोरच वाचू.

शेजाऱ्यापर्यंत वाचले तोच सदाशिवरावांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "म्हणजे आमी नुसते शेजारी? वावराच्या धुऱ्यावरचे?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मी म्हणालो, पुढे ऐका, पुढे सगळे ठीक होते. आणि तुझे ते वाचले. 'समजा.'

आमच्याकडे 'समजा' म्हणजे काय, हे तू विसरलास आणि मलाही सुचले नाही. पाटील दटावून सांगतो, 'समजा, उद्यापासून गायरान बंद.' म्हणजे नीट ध्यानात घ्या, हे असे आहे. तुझ्याकडे त्याचा अर्थ, हे असे नाही पण धरून चाला. मी वाचत गेलो तसे लोक समजत गेले. समजा, की पुढे सरकते. समजले. रुखमाबाई आणि पंजाबराव बहीणभाऊ ठरतात. तेही समजले.

रुखमाबाई उभी राहिली. पदर खोचला. म्हणाली, "सहा लेकरं झाल्यावर मले आता समजवता काय मामा, का हा माहा भाऊ होय?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पोरे मोठ्याने हसली. मी ओरडून सांगू लागलो की थांबा, पुढे 'अशक्य आहे' असे लिहिले आहे. कोणी ऐकेना. मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलो तर पंजाबराव शांतपणे म्हणाले, "राहू द्या मामा. एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा नका ऐकवू." बाईला घेऊन ते निघून गेले. घरी जेवण करून ठेवले होते.

गोविंदा माझ्याशी बोलत नाही. चूक कोणाची हेच मला कळत नाही. तू खरे लिहिले, मी जसेच्या तसे वाचले, त्यांनी नीट ऐकले. मग हे झाले कसे?

तुझा
मामा


नागपूर
१० मार्च १९६२

ती. मामांस सविनय जयभीम.

तुमचे पत्र वर्गावर जाताना मिळाले. त्या दिवशी मी फळ्यावर 'समजा' लिहिले आणि पुढे काही लिहवेना.

पंजाबरावांना वेगळे पत्र टाकले आहे. रुखमाबाईंची क्षमा मागितली आहे. त्यात 'समजा' हा शब्द कुठेही नाही.

मामा, मी रेषा आणि बिंदू घेऊन लिहिले असते तर कोणाचेच काही बिघडले नसते, कारण कोणी वाचलेच नसते. लोकांना आपले वाटावे म्हणून मी भाऊ घेतला. आणि लोकांनी तो आपला करून घेतला. संपादक खूश आहेत. म्हणतात, या लेखावर कधी आली नव्हती एवढी पत्रे आली.

काही दिवस कोणालाही काही वाचून दाखवू नका. नलू कशी आहे?

आपला
नागोराव


खैरगाव
२ एप्रिल १९६२

चि. नागोराव यास आशीर्वाद.

पंजाबरावांचे उत्तर तुला आले नसेल, मला आले. पोस्टमनने नदीजवळच दिले. घरी आणण्याचा धीर होईना म्हणून तिथेच दगडावर बसून वाचले. माणूस थोर आहे, म्हणूनच मार्ग निघत नाही. राग गेला, रुखमाबाईही आता हसते, असे लिहितात. पण ते म्हणतात, नागोरावांचा भावाभावांचा लेख छापून आला आहे. खाणीतल्या लोकांनी तो हजेरीघराच्या भिंतीला चिकटवला आहे. दुसरे फक्त हाताने लिहिलेले पत्र आहे. छापलेले खरे की घरच्या माणसाने घरच्यासाठी लिहिलेले खरे? उद्या लोक म्हणतील, पोरीचे लग्न अडले म्हणून मास्तरने नियम बदलला.

याला मी काय उत्तर देऊ? मलाही आतून तसेच वाटते, आणि तसे वाटते म्हणून लाज वाटते.

तू एवढे कर. छापून आण, की भावाचा भाऊ भाऊ नसतो. मोठ्या अक्षरात. तुझे संपादक एवढे खूश आहेत तर ऐकतील.

नलू काल चुलीपुढे बसून मला म्हणाली, "आबा, कोण कोनाचा भाऊ, हे समदे ठरवून राह्यले. मी कोनाले भाऊ मानतो, हे मले काहून नाही इचारत कोनी?" मी म्हणालो, इचारू, इचारू. पण विचारायचे कोणी आणि कोणासमोर? मी उठून उगाच बैलाला पाणी दाखवायला गेलो. बैल प्यायलेला होता.

तुझा
मामा


नागपूर
९ एप्रिल १९६२

ती. मामांस सविनय जयभीम.

भावाचा भाऊ भाऊ नसतो, असे मला छापता येणार नाही. सख्ख्यांचा असतो. मी खोटे छापले तर माझा पुढचा शब्द कोण मानील?

पण हे छापतो आहे. काही नाती पुढे सरकतात, काही आहेत तिथे थांबतात, आणि मानलेले नाते हे ज्यांनी मानले त्या दोघांपुरतेच असते. शेजारी काढून टाकला आहे. एकही नाव नाही. 'समजा' नाही. आठ वेळा लिहिले, मामा. एवढे सोपे मी जन्मात काही लिहिले नसेल. अंक हातात पडताच तुमच्याकडे पाठवतो. तो थेट पंजाबरावांच्या हातात द्या. वाचून दाखवू नका, त्यांना स्वतः वाचू द्या.

नलूला सांगा, तिचे विचारणे बरोबर आहे.

आपला
नागोराव


खैरगाव
२९ एप्रिल १९६२

चि. नागोराव यास आशीर्वाद.

तुझा अंक वेळेवर आला. तुझ्याकडून काही राहिले नाही, हे आधी लिहून टाकतो, नाहीतर तू स्वतःला खात बसशील.

अंक आला त्याच्या दुसऱ्या दिवशी पंजाबराव आले. मी निरोप धाडला नव्हता, ते आपणहून आले. सोबत रुखमाबाई आणि दौलत. मी अंक कोटाच्या खिशात ठेवला. नलूने तो ठेवताना पाहिला. रात्री तिने तो माझ्याकडून मागून घेऊन पूर्ण वाचला होता आणि वाचून झाल्यावर माझे पाय दाबून दिले होते. सकाळपासून तिच्या हालचालीत मोकळेपणा होता. मी मनात म्हणत होतो, चहा होऊ दे, मग काढतो.

चहा होण्याआधीच पंजाबराव गोविंदाजवळ जाऊन बसले. म्हणाले, माझा एकच भाऊ खाणीत दरड पडून गेला. तेव्हापासून घरी सुखदुःखाला उभे राहायला बरोबरीचे कोणी नाही. सोयरे पुष्कळ मिळतात. महिनाभर विचार केला. मुलाला दुसरी मुलगी मिळेल, मला दुसरा भाऊ कुठून मिळेल? मग त्यांनी गोविंदाला मिठी मारली आणि लहान लेकरासारखे रडले.

गोविंदाचा धाकटा भाऊ, आमचा लहाना, देवीच्या साथीत गेला, तो तुझ्याच वयाचा होता. तुला आठवत असेल. गोविंदाने त्याच्यासाठी कधी डोळे ओले केलेले मी पाहिले नाहीत. तो त्या दिवशी पंजाबरावांच्या खांद्यावर डोके ठेवून रडला. सदाशिवराव दारात उभे राहून रडत होते. दोन महिने आमच्याकडे पाय ठेवला नव्हता त्यांनी.

माझा हात खिशात होता. अंकाची घडी बोटांना लागत होती. तू सांग, मी तो कसा काढू? रडणाऱ्या दोन माणसांच्या मध्ये जाऊन कसे सांगू की हे नाते पुढे सरकत नाही, छापून आले आहे? मी काढला नाही. तसाच बसून राहिलो.

रुखमाबाईने नलूसाठी लुगडे आणले होते. पुतणी म्हणून. ते तिच्या अंगावर घातले आणि दौलतला म्हणाली, ये, इकडे ये. तो आला. खाली पाहत उभा राहिला. पंजाबराव डोळे पुसत नलूला म्हणाले, "बाई, हा तुहा भाऊ. हाक मार याले."

नलूने माझ्याकडे पाहिले. तोंडाकडे नाही, खिशाकडे. बराच वेळ पाहिले.  सगळे किती चांगले चेहरे होते, नागोराव, एकाच्याही मनात वाईट नव्हते.

मी हात बाहेर काढला तो रिकामाच काढला.

मग ती आत गेली, पाणी घेऊन आली आणि त्याच्यापुढे धरून म्हणाली, "दादा, पाणी घ्या."

त्याने घेतले. प्यायला नाही. तांब्या तसाच हातात धरून राहिला.

ते लोक संध्याकाळच्या मोटारीने गेले. पौर्णिमेला गोविंदा त्यांच्याकडे जाणार आहे, भावाकडे. तूही ये म्हणतात. तुझा लेख खाणीत सगळ्यांना पाठ आहे आणि तुला पाहायची त्यांची फार इच्छा आहे. काय कळवू?

नलू रडली नाही. मांडी घालून तूर निवडत बसली आहे. मी जवळ गेलो की सरकून जागा देते.

तुझा
मामा